काटाघर

डिचोलीहून येणारी बस वळणावर थांबते
आणि तेरा मुले उतरतात, डबे वाजवत.
फाटकावर पाटी आहे: निसर्ग केंद्र, सर्वांना मोकळे.
रंगाखाली अजून वाचता येते
खाण कंपनीचे नाव, नीट पाहिले तर.
मी नीट पाहत नाही.

एकोणीस वर्षे मी याच खोलीत बसलो.
खिडकीबाहेर काट्यावर ट्रक चढायचा,
आकडे थरथरायचे, मग ठरायचे,
आणि मी लिहायचो:
गाडी नंबर, वेळ, वजन, शेरा.
धूळ नाकात, चहात, मुलीच्या दप्तरात.
न्हाणीतून पाणी तांबडे वाहायचे,
त्याला आम्ही भरभराट म्हणायचो.

खाण थांबली तेव्हा कपाटात
एकतीस कोऱ्या वह्या उरल्या होत्या.
पंचायतीत विचारले, खोली कोण सांभाळील?
चावी माझ्याच खिशात होती.

आता त्या वह्यांत मुले लिहितात.
गाडी नंबरच्या रकान्यात:
खंड्या. पाणकावळे, दोन. शेकाट्या, लंगडा.
वेळ: सात वाजून दहा.
वजनाचा रकाना रिकामा.
शेऱ्यात परवा रेवण झोरेने लिहिले,
‘दिसला नाही, पण शीळ ऐकली.’
इतका खरा शेरा
माझ्या हातून कधी उतरला नाही.

दहा वाजता सुकांती मळीक येते, कमरेला कोयती.
चतुर्थीच्या माटोळीला जे जे बांधतात
ते कुठल्या उतरणीवर सापडते, तिला ठाऊक;
कुठल्या उतरणी आता नाहीत, तेही.
‘हात लावा, वास घ्या,’ ती म्हणते,
‘नाव मागून सांगते.
आणि कवंडळ तोंडात घालशील तर याद राख.’
माट्टीचे पंखवाले फळ
तेरा तळहातांवरून फिरून
माझ्या टेबलावर येऊन बसते.

खरे सांगायचे तर मुले येतात टायरसाठी.
कायतानने ट्रक विकला, एक टायर ठेवून घेतला,
तो काजूच्या फांदीला टांगलाय.
रांगेत ढकलाढकली, रड, एक फाटलेला खिसा.
कायतान तोंडाने हॉर्न वाजवून वाट काढतो,
झोका देतो, मोजून वीस.
ट्रकचे हप्ते अजून चालू आहेत,
झोका फुकट.

खड्ड्यात पाणी साठलेय, हिरवे, खोल.
दोरीच्या अलीकडे सगळे ओळीने बसतात
आणि पाच मिनिटे बोलायचे नाही असा नियम आहे.
तो दोन मिनिटांत मोडतो.

आज रेवणने मोडला.
‘काका, आजो म्हणतो, इथं डोंगर होता.
आमची गुरं चढायची वर, पाण्यापर्यंत उतरायची पलीकडं.
तो कुठं गेला?’

मुले माझ्याकडे बघत राहिली.
बगळा तेवढा आपल्या कामात.

मी त्यांना खोलीत नेले, खालचे कपाट उघडले.
वाळवीने कडा खाल्लेल्या, भरलेल्या वह्या.
‘यात आहे,’ म्हणालो.

रेवण मोठ्याने वाचू लागला.
दहा टन दोनशे. दहा टन चारशे. दहा टन.
दहा टन तीनशे.
कुणी बोटांवर बेरीज धरली, कुणी बाईंच्या मोबाइलवर.
एका दिवसाच्या गाड्या संपता संपेनात.
‘अक्षर किती सुंदर आहे हो तुमचं,’
बाई म्हणाल्या, मनापासून.
मी खिडकी पुसायला घेतली.

मार्चच्या चार तारखेपर्यंत बेरीज आली
आणि बसचा हॉर्न वाजला.
एक मोजपट्टी विसरली, ती घ्यायला कुणी परतले.

जाताना दर शनिवारी
सगळे काट्यावर एकदम उड्या मारतात.
पत्रा गंजलाय, तार कधीच तुटली.
‘किती?’ ते ओरडतात,
आणि मी खिडकीतून आकडा फेकतो, मनाला येईल तो:
नऊशे टन! सव्वा किलो! एक चिमणी कमी पन्नास!

‘किती, काका?’
तेरा जण, श्वास रोखून, पायांत लाल माती.
ड्रायव्हर घड्याळ दाखवतोय.

थांबा, म्हणालो.
अजून ठरतोय.