हजेरी

सभेचं इतिवृत्त लिहायचं काम माझं.
शाळेच्या जेवणघरात बाकं सरकवून भरवलेली सभा,
भिंतींना अजून दुपारच्या मसुराचा वास,
बाहेर आताकामाचं ऊन,
आणि पडद्यावर आमच्या मिठाच्या पठाराचा नकाशा,
गुलाबी चौकटींत तुकडे पाडलेला.
"गुलाबी का?" ओनोरिओ कोल्केने विचारलं.
"फ्लेमिंगोंच्या सन्मानार्थ," कंपनीची बाई म्हणाली.
मी तेही टिपून घेतलं.

साहेब समजावत होते:
जमिनीखालचं खारं पाणी उपसायचं,
दीड वर्ष उन्हात वाळवायचं,
उरेल तो क्षार जहाजाने जाईल,
आणि दूरच्या शहरांतल्या मोटारी धूर सोडायच्या थांबतील.
जगाचं भलं.
जगात तुम्हीही आलात, ते म्हणाले.

खोटं नव्हतं ते.
माझी बहीण तसल्याच एका शहरात हॉटेलच्या चादरी धुते,
तिच्या लेकाला दमा आहे.

खारं पाणी आणि गोडं पाणी खाली कुठेही भेटत नाही,
अहवाल, पान दोनशे बारा.
मग लसूणघासाचे वाफे दोन उन्हाळे पिवळे का,
कुठे पाणी मुरतंय,
हे मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं.
नाव न सांगितल्याने नोंदवता आलं नाही.

प्रश्नांना माणशी दोन मिनिटं.

कासिमिरा तिंते उठली. वय एकोणऐंशी,
यंदाची गावची पाटकरीण.
तिने प्रश्न विचारला नाही.
पिशवीतून वही काढली,
पाट उपसायच्या हजेरीची.

ऑक्टोबरात आमच्याकडे सगळं गाव पाटात उतरतं.
गाळ, शेवाळ, लामांनी ढकललेले दगड,
डोंगरापासून शेवटच्या मक्यापर्यंत नऊ किलोमीटर.
पाणी सोडण्याआधी त्याला कोकाची पानं, घोटभर दारू,
आणि ज्याने फावडं धरलं त्याला पाळी.
नियम कुठे छापलेला नाही:
जो पाटात उतरला नाही
त्याने पाण्याबद्दल तोंड उघडायचं नाही.

ती नावं वाचू लागली.
"आनास्तासिओ पुका."
"आहे."
"वेरोनिका लिएंद्रो."
"आहे, हे काय."
"एलेउतेरिओ सिरे."
"वारला. मी त्याचा मुलगा."
दोन मिनिटांची घंटी वाजली.
घंटीचं नाव वहीत नव्हतं,
ती वाचत राहिली.

मग चष्मा पुसून पहिल्या रांगेकडे पाहिलं.
"मंत्रालय."
कुणी बोललं नाही.
"कंपनी."
बाईने पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवलं,
उघडलं मात्र नाही.
"मोटारवाले."
दोघं-तिघं हसले. ती हसली नाही.
पेन्सिलीला जिभेची ओल लावून
तिने तीन फुल्या मारल्या,
सावकाश, जशी बी पेरतात.

आणि मग माझं नाव.

तीन ऑक्टोबर मी गेलो नव्हतो.
शहरातली नोकरी, मोजक्या रजा,
एकदा तर नुसताच कंटाळा.
तिने मान वर केली नाही,
फक्त फुलीसाठी जागा शोधली.
मी टंकत राहिलो. बोटं दुसऱ्याची असल्यासारखी.

सोमवारी वरून मसुदा आला:
"एका ज्येष्ठ महिलेने स्थानिक परंपरांची माहिती दिली.
उपस्थितांचे समाधान झाले."
मी दुसरं वाक्य खोडलं.
त्यांनी परत घातलं.
मी परत खोडलं, आणि पहिल्यात
तिचं नाव घातलं, आडनावासकट,
खाली वहीतली सगळी नावं, अनुपस्थितांचीही.
कागद आता त्यांच्या टेबलावर आहे.
काय होईल ठाऊक नाही.

गावाकडून निरोप आला तो दंडाचा.
तीन वर्षांचे तीन दिवस.
पैसे चालणार नाहीत.
फावडं स्वतःचं आणायचं,
दांडा नीट बसलाय का बघून.