भोक नसलेला मणी

डंडीत ऑक्टोबरच्या या दोन आठवड्यांना
बटाट्याची सुट्टी म्हणतात.
पूर्वी शाळेतली पोरं शेतावर जायची बटाटे वेचायला.
तळमजल्यावरच्या इश्बेलबाईंनी वेचलेत,
अजून बोटं पुढे करून दाखवतात.
आता बटाटे यंत्र वेचतं
आणि पोरं माझ्या स्वयंपाकघरात.

दोन माझी. एक वरच्या मजल्यावरचा कॅलम,
ज्याचा बाप समुद्रात, तेलाच्या फलाटावर,
तीन आठवडे तिकडे, तीन इकडे.

दोन वाट्या मैदा, वाटीभर मीठ, पाणी बेताबेतानं.
तिंबा म्हटलं, तर तारिणीला शब्दच ठाऊक नाही.
सांगितलं, माझा मामा दम द्यायचा,
थांब, तुझी कणीक तिंबतो.
मग तिनं दोन्ही मुठींनी असं काही तिंबलं
की टेबलाच्या पायाखालची
बसच्या वेळापत्रकाची घडी सटकली.

वाटाण्याएवढे, हरभऱ्याएवढे,
आणि ओजसचे, ज्यांना मी मणी म्हणते
कारण मी त्याची आई आहे.

विणायच्या सुईनं ओल्यातच भोक पाडायचं.
नंतर नाही जमत, मी मास्तरणीच्या आवाजात म्हणाले,
भोक नाही तर मणी नाही, नुसती गोळी.
कॅलमनं त्याची गोळी मुठीत मिटून घेतली.
मोठी होती, लिंबाएवढी, अंगठ्याचा ठसा उमटलेली.
"डॅडसाठी आहे. तो माळ नाही घालत."

यावर काय बोलणार.

ओव्हन मंद आचेवर, तीन तास.
मीटरमध्ये नऊ पौंड उरलेले.
मुलं ओव्हनच्या काचेतून बघत होती,
मी मीटरच्या.

निघाले तेव्हा निम्म्यांची भोकं फुगून बुजलेली.
तारिणीचा ओठ बाहेर.
मग आईनं सामानात कोंबलेलं दाभण
नऊ वर्षांनी डब्यातून बाहेर आलं.
एकेक मणी चिमटीत धरून टोचत बसले,
चार फुटले, दोनदा बोट,
जखमेत मीठ,
तोंडातून जे निघालं ते मराठीत निघालं.
कॅलमला मात्र ते लगेच पाठ झालं.

रंगवताना
तारिणीनं नेलपॉलिश संपवलं, माझं, एकुलतं एक.
ओजसचे सगळे काळे.
का रे, सगळेच?
"तुझ्या डब्यात आहेत तसे."
डब्यात म्हणाला. गळ्यात नाही म्हणाला.
बरोबरच आहे,
लाँड्रीत गरम पाइपात अडकतं म्हणून काढलं होतं,
मग राहूनच गेलं.

माळ झाली. जड, वेडीवाकडी,
एकीकडे लाल, एकीकडे काळी.
दुसऱ्या दिवशी मी ती घालून कामाला गेले.
शेरॉन म्हणाली, हे काय गं?
मी म्हटलं, कणीक.
वाफेत दुपारपर्यंत मणी पाझरले,
मान चरचरली,
घामाचं मीठ कुठलं, मण्याचं कुठलं, कळेना.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
घातलेल्या मिठाचं कोणी काही सांगितलेलं नाही.
काढली नाही, इतकंच.

नोव्हेंबरात जिन्यावर कॅलमचा बाप भेटला,
दार अडवेल एवढा माणूस,
पाठीवर पिशवी, दाढीत थंडी.
किल्ल्या शोधायला खिसे उलटे केले.
पावत्या, दोऱ्याचा गुंता, अर्धं चॉकलेट,
आणि ती गोळी.
दमट हवेनं झिजून सुपारीएवढी झालेली,
अंगठ्याचा ठसा जवळजवळ गेलेला.

माझ्याकडे बघून जरा ओशाळला.
"मीठ आहे ना यात?" म्हणाला.
"एका रात्री चाटून बघितली."
किल्ली सापडली तरी
तो तिथेच उभा होता,
गोळी परत कुठल्या खिशात ठेवावी
ते ठरवत.