लाल धागा, एक नग

फोटो सकाळी नऊ-चाळीसला आला.
आधी मालकाच्या मोबाइलवर, मग सुपरवायझर झोटिंगच्या,
मग माझ्या.
पांढऱ्या कापडात एक लाल धागा,
वीतभरसुद्धा नाही.
खाली चार ओळी इंग्रजीत, आणि डॉलरमध्ये एक आकडा.
गाठीचा नंबर आमचाच होता.

मी जिनिंगचा मुनीम. सरकी, रुई, घट, ट्रकचं भाडं,
न्यूयॉर्कचा भाव, जो रात्री उतरतो
आम्ही झोपल्यावर,
सगळ्याला माझ्या वहीत रकाना आहे.
धाग्याला नव्हता.

कचरा वेचणाऱ्या चौदा बायांना
झोटिंगनं शेडसमोर उभं केलं.
"हायफाँगहून तक्रार आली."
"कुठी येते थे?" मैना आत्रामनं विचारलं.
"वणीच्या पल्याड," मागून कोणीतरी,
आणि पदराआड हसू दाबलं गेलं.
तरी प्रत्येकीची नजर आपापल्या काठावर.

दुर्पता डाखोरे पुढं आली.
मोबाइल हातभर लांब धरून पाहिला.
"माहाच व्हय. घाटंजीच्या बजारातलं लुगडं,
पयल्याच धुण्यात काठ उसवला."

झोटिंग कपातीचं बोलू लागला.
उद्यापासून निळे गाऊन, टोप्या, बांगड्या बंद.
ती ऐकत नव्हती.
"एवढ्या दूर," म्हणाली,
"आमच्या घरचं कोनी गेलं नाई.
पोरगा पुन्याले गेला होता, थो बी वापस आला."

मग नातवानं शिकवलं होतं तसं
दोन बोटांनी तिनं फोटो ताणला.
धागा दोरखंडाएवढा झाला, सरकला, कडेला गेला,
आणि दिसला
त्याला चिमटीत धरणारा अंगठा.
त्यावर गुंडाळलेली पट्टी, मळकी,
टोकाशी सुटत आलेली.

"पाय वं," ती मैनाला म्हणाली,
"हिले बी लागलं."

झोटिंगनं मोबाइल ओढून घेतला.
रेचे सुरू झाले. त्यानंतर कोणी काही बोललं असेल,
तर ते ऐकू येण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी मी नवा रकाना आखला.
लिहिलं: लाल धागा, एक नग.
जमा की नावे, ते ठरेना. तसाच ठेवला.

फाटकाशी हजेरीचं मशीन
दुर्पताला ओळखत नव्हतं.
रुई वेचून वेचून रेषाच उरल्या नाहीत, असं ते म्हणतात.
तिनं अंगठा पदराला पुसला,
परत ठेवला.
परत पुसला.
मागं रांग खोळंबली होती,
आणि कोणीच घाई करत नव्हतं.