तीन वाजताचं स्वयंपाकघर

विमानतळावर हातमोजे घातलेल्या बाईनं
मेतकुटाचा डबा उघडला,
नाकापाशी नेला, जरा थांबली,
आणि झाकण लावून परत दिला.
मेथ्या मात्र ठेवून घेतल्या.
बी आहे, म्हणाली. उगवेल.

असे आम्ही चिलीत शिरलो.
माणसं चार, बॅगा तीन;
चौथीचं माद्रिदला विचारा.

वाल्पराइसोत घरं डोंगराला घट्ट धरून असतात,
घसरगुंडीच्या टोकावर ऐन वेळी घाबरलेल्या पोरासारखी.
दोन्या ओर्तेन्सियाच्या दारापर्यंत एकशे बेचाळीस पायऱ्या.
निषादनं मोजल्या.
उतरताना ईराच्या एकशे एकेचाळीसच भरल्या,
त्यावरून दोन दिवस अबोला.

पहिल्या रात्री तीन वाजता पोट म्हणालं, साडेअकरा.
चोरपावलांनी उठले, तर स्वयंपाकघरात दिवा.
टेबलाशी हेरंब, मनगटावर अजून घरचीच वेळ,
ईरा खुर्चीवर पाय घेऊन,
निषाद परक्या बाईच्या फडताळात डोकं घालून.
कुणी कुणाला उठवलं नव्हतं.
मऊ भात टाकला. तूप कुठलं, खारट लोणीच.
ताटल्या सापडल्या तीन,
हेरंब पातेल्यातच जेवला.
खिडकीखाली बंदर, नांगरलेल्या जहाजांचे दिवे,
आणि वर मृग, खाली डोकं वर पाय,
व्याध त्याच्याही वर चढून बसलेला.
"पडेल ना तो," निषाद म्हणाला,
आणि ईरा अबोला विसरून हसली.

दिवस कसे गेले ते नीट सांगता येत नाही.
गॅसवाला सिलिंडरवर सळई वाजवत जायचा,
एक तांबूस कुत्रा आमच्यापुढे चालायचा, जणू त्यानंच आम्हाला आणलंय.
संध्याकाळी सहाला दोन्या ओर्तेन्सिया चहाला बोलवायची.
त्या चहाचं नाव अकरा.
का, ते ती एक सांगते, तिचा भाऊ रेमिहिओ दुसरंच;
चाळीस वर्षं दोघांचं त्यावर जमलेलं नाही.
घड्याळात सहा, कपात अकरा,
आमच्या हाडांत रात्रीचे अडीच.
पावावर आवोकाडो चेचता चेचता
निषाद बसल्या जागी कलंडला, गाल हिरवा.
रेमिहिओनं वाद अर्धाच सोडला,
आणि त्याला खांद्यावर टाकून जिना चढला.
जन्मभर गोदीत पोती वाहिलेला माणूस,
पण एक पायरी वाजली नाही.

चौथ्या दिवशी बॅग आली.
हेरंबनं घड्याळ लावून घेतलं.

पाचव्या रात्री मला तीनला जाग.
अंधारातच तांदूळ घेतला, चौघांचा,
धुतला, आणि मग कान दिला.
कुणी नाही.
आतून हेरंबचं घोरणं, स्थानिक वेळेप्रमाणे.

घडी बसली, बरं झालं, असं म्हणायचं असतं.
अजून चार महिने जायचेत.
पण घरी आम्ही चौघं
एका दिव्याखाली शेवटचे कधी जेवलो होतो,
हे मी आठवत राहिले, आणि कुठलंसं लग्न आठवलं,
तेही उभ्यानं.

तांदूळ भिजलाच होता, म्हणून चढवला.
पातेल्यावर बशी झाकली.
आधण आलं तशी ती थडथडू लागली.
एरवी मी आच कमी केली असती.
वाजू दिली.
थोडी मोठीच केली.