तारखेची पाटी

पंचायत समितीच्या दारावरची पाटी मी रंगवतो.
सागाची फळी, दीड फूट बाय सहा इंच, मागे दोन हुक.
तीस महिन्यांत ती तीनदा रंगवायची, असं ठरलं
चोपड्यात, एका जिनिंगच्या गच्चीवर,
शेवभाजी संपल्यावर, रात्री दीडला.
बहुमत कुणाकडंच नव्हतं
म्हणून शहाणपण सगळ्यांकडं आलं:
दहा महिने ह्यांचे, दहा त्यांचे, दहा उरलेल्यांचे.
मी खाली चुन्याची बादली घेऊन उभा.
उजाडायच्या आत भिंती पुसायच्या होत्या.
ह्या तिघांनी एकमेकांना काय काय म्हटलं होतं
ते माझ्याच अक्षरात होतं.

राजीनामे आधीच लिहून घेतले.
सही आहे, तारीख नाही.
तिसरीचा घेऊन उपयोग नव्हता,
तरी घेतला, बरोबरी म्हणून.
मोतीशेठ बियाणेवाल्याच्या गल्ल्यात
युरियाच्या पावत्यांखाली
तिन्ही कागद पालथे झोपले.

पहिले हिलाल आप्पा.
त्यांनी खुर्ची दोन इंच उंच करून घेतली.
दहा महिने म्हणजे किती, ते केळीवाल्याला सांगावं लागत नाही:
कंद लावा, पाणी द्या, घड निसवतो,
आणि कापणीच्या तोंडावर पाळी दुसऱ्याची.
म्हणून गटारी, पेव्हर ब्लॉक,
स्वतःच्या नावाचे सात फलक.
(फलक मीच केले. पैसे यायचेत.)
गेले मात्र वेळेवर. दोन दिवस इकडं तिकडं.
जाताना पाटीकडं बघून म्हणाले,
वना, फार घासू नको रे.

मग दगा बुधा कोळी.
तापीकाठचं नावाड्याचं घराणं.
दहावा महिना भरला तेव्हा म्हणाले,
मधल्या धारेत वल्हं बदलत नसतात.
अकराव्यात तब्येत. बाराव्यात जिल्ह्याचा निरोप.
चौदाव्यात मोतीशेठनं गल्ला उघडला,
कागद उताणा केला, आणि मला बोलावलं,
कारण अक्षर हा माझा धंदा.
सही होती. झोकदार होती.
फक्त पहिल्या नावाचा काना सोडलेला.
दग बुधा कोळी.
आता हा कोण, ते त्या रात्री गच्चीवर
कुणी वाचून बघितलं नव्हतं.

सोळा महिने गेले तसेच.

रायलीबाई पावरा सव्वीस महिने
भिंतीकडच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली.
सातपुड्यातल्या पाड्यावरून जीपनं यायची,
मागच्या फळकुटावर, बकऱ्यांच्या बाजूला.
तिच्यामागं दोनच सदस्य,
पण ते दोन काढले की बाकीचं सगळं आडवं.
चार महिने उरले तेव्हा दार तिच्यासाठी उघडलं.
मी पाटी उतरवली. जड झाली होती.
नखानं खरवडलं तर पिवळ्याखाली निळा,
निळ्याखाली अजून कुणाची तरी वेलांटी.
विचारलं, बाई, पूर्ण नाव घालू की नुसतं आडनाव?
ती अहिराणीत म्हणाली,
"मन्हं नाव ऱ्हाऊ दे. तारीख लिखी दे."
कोणती तारीख?
"जावानी."

एवढी वर्षं ब्रश धरतोय,
पदाखाली जायची तारीख कधी लिहिली नव्हती.
हात जरा थांबला. मग लिहिली.
आप्पा बघायला आले, हसले,
आणि जिना उतरताना हसत नव्हते.

खुर्ची अजून उंचच होती. तिचे पाय टेकत नसत.
उभ्यानंच सह्या करायची,
पूर्ण, काना-मात्रेसकट, जीभ दातात धरून.
दोन अंगणवाड्यांना पत्रे मिळाले. एक हातपंप.
पाड्याचा रस्ता वनखात्यात अडकला,
तो अजून तिथंच आहे.
त्या तारखेला ती दुपारच्या जीपनं गेली.
कुणी गल्ला उघडला नाही.

आता नवी निवडणूक, नवी गच्ची.
ह्या खेपेला म्हणे पाच जण, सहा-सहा महिने.
रात्री निरोप आला: वना, पाटी तयार ठेव.
फळी पॉलिश पेपरनं घासून उन्हात उभी केलीय.
मे महिन्यात इथं रंग वीस मिनिटांत वाळतो.
ती तारीख नीटशी गेलेली नाही,
तिरकं बघितलं तर दिसते.
पाच जणांकडून पैसे मात्र
आधी घेणार आहे.