उघाडी

कागदावर दोन वाटा होत्या.
एक तळेऱ्यावरून घाट चढणारी,
दुसरी किनाऱ्याकिनाऱ्यानं राजापूर गाठणारी.
खाडीवरच्या पुलात दोन्ही एकाच पाइपातून जातात
हे कागदाला कुणी सांगितलं नव्हतं.
मलाही नाही.

जेसीबीवाल्यानं बकेट एकदाच टेकवली.

दहा चाळीसला
सव्वाशे टॉवर पुण्याकडं तोंड करून उभे राहिले.
विजयदुर्ग, गिर्ये, पडेल, मिठबाव,
सगळे धडधाकट, बॅटऱ्या भरलेल्या,
एकमेकांना नीट ऐकू येणारे.
तरी गिर्येतला फोन पडेलला लागेना,
कारण लावू का, हे आधी पुण्याला विचारायचं
असं ठरलेलं होतं.
ठरवणारी मी.

माझ्या पडद्यावर चौदाशे तक्रारी.
तुटलेली तार एक.
प्रत्येक पेटी ओरडत होती मी मेले, मी मेले,
आणि त्या गलक्यात
खरं तुटलेलं ठिकाण
एक हजार एकशे नव्वदाव्या ओळीवर
गप्प बसलेलं.

रात्री तात्पुरती जोडणी झाली
तर सगळ्यांनी एकाच क्षणी हाक मारली.
सव्वाशे जणी, एक दार.
दार कोसळलं.
उभं केलं, पुन्हा कोसळलं.
पहाटे मी हातानं एकेकीला आत घेतलं,
रेशनच्या रांगेसारखं.

तिसऱ्या दिवशी खाली आले.
पुलाशी इरफान सोलकर मांडीवर मशीन घेऊन
केसाएवढ्या काचेला काच जोडत होता.
डोक्यावर छत्री, तीही त्याच्यासाठी नाही, काचेसाठी.
मान वर न करता म्हणाला,
"दोन्ही इथूनच जातात, मॅडम.
पाच वर्षं सांगतोय. फॉर्ममध्ये रकाना नाही."

जेवायच्या सुट्टीत खाडीच्या बांधावर गेले.
पलीकडं खारं पाणी, अलीकडं कापणीला आलेलं भात,
मधे उघाडी:
चिऱ्यांच्या भिंतीत एक लाकडी फळी,
वरच्या बिजागरीवर लोंबणारी.
ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून निघून जातं.
भरती आली की भरतीच तिला लावून घेते.
पौर्णिमेचं उधाण होतं. फळी धप्पदिशी बसली.
कुणी हात लावला नाही.

जनू तारीला विचारलं,
बंद हो म्हणून हिला सांगतं कोण?
"हेका कोण सांगतलो? पाणीच सांगता."
मग तुम्ही इथं कशाला?
"कुर्ले बिळां करतत बांधाक.
ती बुजवूक मी."

देवगडच्या लॉजवर पंखा टकटक करत होता.
मी माझ्याच ओळी खोडत बसले.
विचारा, थांबा, विचारा, थांबा,
किती ठिकाणी लिहून ठेवलं होतं मी ते.
त्या जागी लिहिलं:
वरून काही आलं नाही
तर शेवटचं खरं तेच धरून चाल.
शेजारीण जिवंत आहे का, तिलाच विचार.
परत हाक मारताना
प्रत्येकीनं आपापला वेगळा उशीर कर.
आणि पुण्यासाठी लिहिलं: बिळं शोध.
फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला:
ही वाट कुठल्या पुलावरून जाते?
सोलकरला पाठवला. त्यानं नुसता अंगठा पाठवला.

एक गोष्ट सुटलेली नाही.
खाडी मधे आली
आणि दोन्ही काठांनी आपलंच खरं मानलं,
प्रत्येकानं आपला मुख्य निवडला,
तर पूल जोडल्यावर कुणाचं पुसायचं?
मोजून बघते, मतं घेते,
विषम संख्या ठेवते. तरी एखादी रात्र
बरोबर मधोमध तुटेल.

सकाळी निघताना पुन्हा बांधावर थांबले.
फळी मिटलेली होती, पण कडेनं
बोटभर खारं पाणी आत येत होतं.
बुजवत नाही का, म्हटलं.
जनू तारी नुसता हसला, बोट दाखवलं.
त्या बोटभर पाण्याच्या चिखलात
दोन निवटे उड्या मारत होते.