हात आखडता

रात्रपाळी उतरून घरी येते
तेव्हा पॅरोच्या या तिसऱ्या मजल्यावर
ऊन अजून चढलेलं नसतं.
पिशवी खाली ठेवायच्या आधी गॅलरी.
चार मातीच्या कुंड्या, बाहेरून पांढऱ्या रंगवलेल्या,
म्हणजे दुपारी मुळं भाजत नाहीत.
आत जाड वाळू, पाइनच्या सालीचा चुरा,
वर गोटे, समुद्रावरचे नव्हेत,
त्यांच्यातून खार उतरतो.
एवढंच.
प्रोटियाला आणखी काही चालतही नाही.

वॉर्डात रात्रभर मी माणसं पोसते
नळीतून, चमच्यातून, सुईतून.
किती आत गेलं, किती बाहेर आलं, वहीत लिहिते.
आणि सकाळी या झाडांपुढे उभी राहते
हात मागे बांधून.

यांचं कूळ गारगोटीच्या डोंगरावरचं,
जिथे पाऊससुद्धा मुक्काम करत नाही.
चिमूटभरावर संसार करायची सवय.
पिंजलेल्या कापसासारखी बारीक मुळं
वरच्या वर वाळू हुंगत फिरतात
अन् सापडेल ते सगळं पिऊन टाकतात.
पुरे म्हणणं त्यांना माहीतच नाही.
तशी वेळच कधी आली नव्हती.

थोरला, राजा प्रोटिया, गेल्या डिसेंबरात गेला.
आधी पानांच्या कडा तपकिरी,
मग नव्या पालवीला कावीळ.
मी पाणी तोडलं. पाणी वाढवलं.
कुंडीचं भोक काडीने मोकळं केलं.
आग्नेयेचा वारा झोडपेल अशा कोपऱ्यात नेऊन ठेवला,
कारण यांना झोडपणं सोसतं, कोंडमारा नाही.
आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.
काही बोलली नाही.
तेव्हाच मला कळायला हवं होतं.

झाड काढलं त्या दिवशी
गोट्यांखाली पांढरी भुकटी निघाली, हाडांचं खत.
आणि वास, स्नूक मासा धुतलेल्या पाण्याचा.
"मूठभरच," आई म्हणाली, "आठवड्याला.
किती रोड दिसत होतं ते, अर्सुला."

माझी आई, हेटी जाफ्टा.
सातव्या वर्षापासून आजोबांमागे पहाटे डोंगरावर,
मग बादल्या घेऊन स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर.
कोणतं फूल किती दिवस टिकतं,
कोणत्या मडमेला कोणता रंग खपवायचा, सगळं पाठ.
मी म्हटलं, मग तुला हे कसं ठाऊक नव्हतं?
"आम्ही कापायचो," ती म्हणाली.
"वाढवायचा डोंगर."

मार्चमध्ये रात्री गार झाल्या.
अकरा बिया, केसाळ, उंदराच्या पिलांसारख्या.
वणवा होऊन गेला अशी खबर लागल्याशिवाय
त्या उठत नाहीत.
धूर माझ्याकडे, आई म्हणाली.
पत्र्याच्या डब्यात वाळका पाला पेटवला,
वर ओलं फडकं,
आणि ट्रेभर वाळूला अशी धुरी दिली
की दुसऱ्या मजल्यावरून मोनीक सोलोमन्स किंचाळली,
अहो माझ्या चादरी!
आई कठड्यावरून वाकली.
"छोटासा वणवा आहे गं, दोन मिनिटांत विझतो!"

अकरांतल्या दोन उगवल्या.
एक साठाव्या दिवशी.
दुसरी, आम्ही ट्रे रिकामा करायला घेतला तेव्हा.

फूल यायला पाच वर्षं लागतात.
आई एक्याऐंशीची आहे.
हा हिशेब आम्ही दोघींनी केलाय, आपापला,
आणि एकमेकींना दाखवलेला नाही.

आता ती खुर्ची टाकून त्यांच्याजवळ बसते,
हात मांड्यांखाली दाबून,
शिक्षा झालेल्या मुलीसारखी.
कपात उरलेला चहा घेऊन उठते,
कुंडीपर्यंत जाते,
थबकते,
आणि कठड्यावरून खाली रिता करते
मोनीकच्या जिरेनियमवर.

ते जिरेनियम, काय सांगू,
तिची खिडकी झाकायला लागलंय.